श्वास सोडायला शिकले

‘मोठा श्वास घे’ हा सल्ला मला सगळ्यांनीच दिला. घरच्यांनी, शेजारणींनी, घाटंजीला घेऊन जाणाऱ्या ऑटोवाल्यानं, एका दवाखान्यातल्या कंपाउंडरनंसुद्धा. प्रत्येकाच्या मनात माझी काळजीच होती. पण छातीत धडधड सुटलेली असताना मी जितका मोठा श्वास घ्यायची तितकी हाताची बोटं बधिर व्हायची, ओठांभोवती मुंग्या यायच्या आणि आता आपलं काही खरं नाही अशी खात्री पटायची. हे असं का होतं आणि त्यावरचा उपाय नेमका उलट्या बाजूनं कसा आहे, हे मला फार उशिरा कळलं. ज्यांना असा त्रास होतो आणि ज्यांच्या गावापासून डॉक्टर लांब आहे, त्यांच्यासाठी मी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि तूर, एका तुकड्यात सोयाबीन. त्रास सुरू झाला तो सासूबाई गेल्या त्या वर्षी. शेवटचा बराच काळ त्या अंथरुणावर होत्या आणि त्यांना दम लागायचा. रात्री मी त्यांच्या खाटेशेजारीच झोपायची. झोपेतही माझा एक कान त्यांच्या श्वासाकडे असायचा. घरघर वाढली की मी उठून बसवायची, पाठ चोळायची, पाणी द्यायची. त्या गेल्यावर महिनाभर घरात माणसांचा राबता होता, तोवर मला काही जाणवलं नाही. मग पाव्हणे गेले, पेरणी आली आणि एका रात्री त्याच वेळेला मला जाग आली. कान आपोआप खाटेकडे गेला. तिथं काहीच ऐकू येईना, आणि माझ्या स्वतःच्या छातीत ठोके इतक्या जोरात पडायला लागले की मी उठून अंगणात गेले.

पहिल्या वेळी वाटलं ॲसिडिटी असेल. पुढं पुढं दिवसाही व्हायला लागलं. स्वयंपाक करताना, धुऱ्यावरून चालताना, एसटीत बसल्यावर. घसा आवळायचा, हात थंड पडायचे, हवा पुरेना असं वाटायचं. हे धावत यायचे, माझा हात धरायचे आणि म्हणायचे, ‘घाबरू नको वं, मी हाये ना. मोठा श्वास घे, अजून मोठा घे.’ मी घ्यायची. आणि बोटं आकडायला लागायची.

दवाखान्यात ईसीजी काढला, तो बरोबर निघाला. रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन कमी आलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बीपी जास्त निघालं, त्याची गोळी सुरू झाली. ही दोन्ही दुखणी खरी होती आणि त्यांच्यावर इलाज झाला हे बरंच झालं. पण धडधडीबद्दल विचारलं की ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच उत्तर मिळायचं. टेन्शन न घेण्यासाठी नेमकं करायचं काय, हे कोणी सांगेना. गावात दोघीतिघींनी नजर उतरवली, एकीनं अंगारा आणून दिला. त्यांच्या मायेबद्दल मला आजही आदर आहे. त्रास मात्र तसाच राहिला.

मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं ते आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडमनी. उपकेंद्राच्या बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं, पण गावात सगळे उपकेंद्रच म्हणतात. मी बीपी मोजायला गेले होते आणि बाकावर बसल्या बसल्याच मला सुरू झालं. मॅडमनी घाईगडबड केली नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोरोनापासून ते यंत्र आम्हां सगळ्यांनाच ओळखीचं झालंय. आकडा माझ्यासमोर धरला : 99.

‘काकू, ऑक्सिजन पुरेपूर आहे. हवा कमी पडत नाही, जास्त होतेय,’ त्या म्हणाल्या. ‘आता घेऊ नका. फक्त सोडा. ओठ थोडे मिटून, हळू. संपली की थांबा. पुढचा श्वास त्याचा तो येईल. येईल तेवढाच येऊ द्या.’

मला ते भयंकर अवघड वाटलं. गुदमरतंय असं वाटत असताना हवा सोडायची म्हणजे सगळं शरीर नाही म्हणतं. पण त्या समोर बसून माझ्याबरोबर स्वतःही सोडत होत्या, म्हणून मी करत राहिले. थोड्या वेळानं बोटांतल्या मुंग्या उतरल्या. मग हात गरम झाले. तोपर्यंत दर वेळी थकून झोप लागल्यावरच हे थांबायचं. जागेपणी, माझ्या डोळ्यांसमोर उतरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

नंतर त्यांनी कारण सांगितलं. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. ऑक्सिजन कमी झाल्यामुळं ही ओढ लागण्याची वेळ फार क्वचित येते. घाबरलं की माणूस भराभर आणि खोल श्वास घेतो. त्यात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच भरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो कमी झाला की मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल बदलतो, त्यानं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आकडतात. ही लक्षणं पाहून माणूस आणखी घाबरतो, आणखी श्वास ओढतो. माझं नेमकं हेच चाललं होतं. इतके दिवस मला वाटायचं माझ्या शरीरात काहीतरी मोडलंय. ते मोडलेलं नव्हतं, हे ऐकूनच माझं अर्धं भय गेलं. आकृती काढून, हातात पेन घेऊन कोणी आपल्याशी असं बोललं की अंगात धीर येतो. गावच्या दवाखान्यात बसणाऱ्या प्रत्येकानं हे करावं असं मला फार वाटतं.

पण खरं शिकणं पुढं होतं. मॅडमचं एक म्हणणं मी पक्कं धरून ठेवलं : त्रास होत असताना नवं काही शिकता येत नाही, चांगल्या वेळी शिकून ठेवायचं. म्हणून रोजची सवय लावली.

सुरुवात झोपून केली. पाठीवर, गुडघे उभे, एक हात छातीवर आणि एक बेंबीवर. नाकानं श्वास घ्यायचा आणि कोणता हात हलतो ते बघायचं. माझा छातीवरचाच हात हलायचा, पोटावरचा तसाच पडून राहायचा. फुप्फुसांच्या खाली श्वासपटल म्हणून स्नायूचा पडदा असतो, तो खाली सरकला की फुप्फुसं खालपर्यंत भरतात आणि पोट वर येतं. काळजीत असलेला माणूस हा पडदा कमी वापरतो आणि मान-खांद्याच्या स्नायूंनी श्वास ओढतो. माझी मान कायम का दुखते, याचं एक कारण मला तिथं सापडलं. आम्हां बायकांना लहानपणापासून पोट आत घेऊन राहायची सवय असते, वर लुगड्याची किंवा परकराची गाठ घट्ट. पोट मोकळं सोडणं हेच मला शिकावं लागलं. परकराची नाडी सैल बांधायला लागले ती तेव्हापासून. ही गोष्ट कोणी पुस्तकात लिहीत नाही, पण बायकांनो, ती आधी करा.

पोट हलायला लागल्यावर मोजणं आलं. आत घेताना चार, बाहेर सोडताना सहा. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बसलेलं मोठं माणूस सहसा मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतं, तेव्हा हे निम्मं किंवा त्याहूनही कमी झालं. पहिल्या काही दिवसांत मला सहापर्यंत पोहोचता येईना. चारवर हवा संपायची आणि पुढचा श्वास घाईनं आत यायचा. त्यात मी प्रत्येक श्वास भरपूर घ्यायची, त्यानं डोकं हलकं व्हायचं. मॅडम म्हणाल्या, हळू करायचाय, मोठा नाही. शेजारच्या माणसालाही ऐकू येणार नाही इतका बारीक श्वास घ्या. तसं करायला लागले तेव्हा गरगरणं गेलं. आत तीन, बाहेर चार इथून चालू केलं आणि अंगाला जमेल तसं वाढवलं. मधे श्वास रोखून धरायला त्यांनी मला बीपीमुळं मनाई केली होती. ती मी आजही पाळते.

सोडणं लांबवायचं का, याचा पुरावा स्वतःच्या मनगटावर मिळतो. अंगठ्याच्या बाजूला नाडीवर दोन बोटं ठेवा आणि हळूहळू श्वास घ्या-सोडा. घेताना ठोके थोडे जवळजवळ पडतात, सोडताना लांब पडतात. मेंदूतून निघून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, ती हृदयाला लगाम घालते. श्वास सोडताना तिचा लगाम घट्ट होतो, घेताना सैल पडतो. तरुण माणसात हा फरक ठळक असतो, वय वाढतं तसा कमी होतो. माझ्या पोरीच्या मनगटावर मला तो स्पष्ट लागला, माझ्या स्वतःच्या मनगटावर लक्ष देऊन शोधावा लागला. पण लागला. मला कोणी कितीही समजावलं असतं तरी जेवढा विश्वास बसला नसता तेवढा त्या दोन बोटांनी बसला. हृदयाचा ठोका काही माझ्या हुकमात नाही, श्वास मात्र थोडासा आहे, आणि त्याच्या दोरीनं ठोक्यापर्यंत पोहोचता येतं.

वेळ कुठून काढायची हा प्रश्न सगळ्या बायका विचारतात. मीही विचारला होता. शेतकऱ्याच्या घरात सकाळी डोळे मिटून बसायला जागा नसते. पाणी भरायचं असतं, सडा असतो, डबे असतात. म्हणून मी ते कोठ्यात नेलं. गाय दुहताना हाताला लय असतेच. चार पिळ्यांना श्वास आत, सहा पिळ्यांना बाहेर. डोकं गाईच्या कुशीला टेकलेलं, हात कामात, कोणी हाक मारत नाही. त्याहून चांगली जागा मला अजून मिळालेली नाही. दूध काढून झालं की तिथंच जरा वेळ बसून भ्रामरी करते. तोंड मिटून, नाकातून सोडताना ‘म्’ असा घुमता आवाज. सुरुवातीला गाय कान टवकारून बघायची, आता रवंथ करत राहते. भ्रामरीत सोडणं आपोआपच लांबतं, मोजावं लागत नाही, म्हणून ज्यांना आकडे धरून चालता येत नाही त्यांना मी हीच सांगते. त्यात आणखी एक गोष्ट आहे. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करणारा आहे. 2002 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की घुमवल्यानं नाकातला हा वायू शांत श्वासापेक्षा सुमारे 15 पट वाढतो. माझं नाक सकाळी चोंदलेलं असायचं, ते मोकळं राहायला लागलं हे मी माझ्यापुरतं सांगू शकते.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. विदर्भात अशी गावं पुष्कळ आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी जाते, पण श्वास शिकल्यावर तिथं माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडं गेलं. सगळे मिळून एक ओळ लांबवतात, ती संपेपर्यंत सगळ्यांचा श्वास बाहेर जात असतो, मग सगळे एकदम छोटा श्वास घेतात. म्हणजे कोणी न शिकवता अख्खा गाव सोडणं लांबवतो. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी छापलेला एक अभ्यास आहे. त्यात लोकांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला होता. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन ठेपला, आणि त्याच्याबरोबर हृदयाची व रक्तदाबाची लयही जुळली. पोरानं मला हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मला आमच्या मंदिरासमोरची सतरंजी आठवली. घरातल्या म्हाताऱ्यांना ‘प्राणायाम करा’ म्हटलं की ते लाजतात. त्यांना प्रार्थनेला, हरिपाठाला नेलं तरी काम होतं.

शरीराला काय फरक पडला, ते सांगते. झोप आधी सुधारली. रात्री जाग यायची ती येतेच, पण उठून अंगणात न जाता मी कुशीवरच सोडणं लांबवत पडते आणि बहुतेक वेळा पुन्हा डोळा लागतो. कापूस वेचताना दिवसभर वाकून कंबर भरून यायची. आता ओळ संपली की ताठ उभी राहते, ओटी सैल करते आणि काही श्वास पोटात घेऊन मगच पुढची ओळ धरते. बाकीच्या वेचणाऱ्या आधी बघत राहायच्या, मग त्याही थांबायला लागल्या. वेचणी किलोवर असते, त्यामुळं थांबणं म्हणजे पैसे जाणं, हे मला माहीत आहे. पण संध्याकाळच्या किलोत मला फरक दिसला नाही. बीपीचा वरचा आकडा थोडा खाली आला, तो श्वासानं की गोळीनं की मीठ कमी केल्यानं हे मी वेगळं काढू शकत नाही. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी एक दिवसही सोडलेली नाही.

भर गर्दीत त्रास उठला आणि मी तो आवरला, असा पहिला दिवस कापूस विकायला गेलो तेव्हाचा. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 ते 12 टक्के लागतो. 8 च्या वर प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात, 12 च्या वर माल घेतच नाहीत. त्या आठवड्यात रात्री दव पडत होतं. आमची गाडी रांगेत पहाटेपासून उभी. भाड्याची गाडी, परत न्यायची तर भाडं दुप्पट. आमचा नंबर लागला, ग्रेडरनं यंत्राची सळई कापसात खुपसली आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खुपसली. ह्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि माझा घसा नेहमीसारखा आवळला. बोटं थंड.

मी गाडीच्या फाळक्याला पाठ टेकली. डोळे उघडेच ठेवले, कारण डोळे मिटले तर जास्त आत ओढली जाते हे आता ठाऊक होतं. ओठ मिटून सोडायला लागले. पहिले श्वास काहीच कामाचे नव्हते, छाती ऐकेना. मी मोजणं सोडलं आणि फक्त प्रत्येक सोडणं आधीच्यापेक्षा जरा लांब करत राहिले. पायाखाली सांडलेली सरकी होती, तिच्यावर टाच दाबून धरली. कुठंतरी मधेच घसा सुटला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ओलावा 12 च्या वरच होता. श्वासानं तो कमी झाला नाही. पण मी भानावर असल्यामुळं मला बोलता आलं. वरचा थर ओला आहे, खालचा आदल्या आठवड्याचा आहे, तो वेगळा बघा, असं मी ग्रेडरला म्हटलं. त्यानं खालून पाहिलं. अर्धा माल घेतला, अर्धा आम्ही परत आणून अंगणात उन्हात घातला. माझ्या आधीच्या अवस्थेत मला त्या गाडीत आडवं करून दवाखान्यात नेलं असतं आणि सगळाच माल फिरला असता. श्वासाकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते. भाव, पाऊस, कर्ज, बोंडअळी जिथल्या तिथं राहतात. त्यांच्यासमोर उभं राहून पुढचं वाक्य बोलण्याइतकी मी जागेवर राहते.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. रोज शांत बसायला लागल्यावर मधल्या काळात मला फार रडू यायला लागलं. कोठ्यात, भ्रामरी करता करता. मला वाटलं त्रास उलटला. सासूबाईंचा शेवटचा काळ, त्यांची घरघर, मी दमून कधी त्यांच्यावर खेकसले ते, सगळं वर यायचं. कामाच्या धबडग्यात हे रडणं राहूनच गेलं होतं. मॅडमनी विचारलं, रडून झाल्यावर हलकं वाटतं की जड? मी म्हटलं हलकं. मग रडा, त्या म्हणाल्या, पण जड वाटायला लागलं, जगण्यात अर्थ नाही असं मनात आलं, तर श्वासाच्या भरवशावर राहू नका, मला सांगा किंवा 14416 ला फोन लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी तो घरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. माझ्यासाठी तो लावायची वेळ आली नाही, पण गल्लीतल्या दोन घरांनी तो तिथूनच उतरवून नेला.

आता सावधगिरीचं, कारण मोबाइलवर बघून लोक काहीही करतात. कपालभाती आणि भस्त्रिका हे जोराचे प्रकार आहेत. बीपी, हृदयाचा आजार, फीट, हर्निया असलेल्यांनी, पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते स्वतःच्या मनानं करू नयेत. घाबरण्याचा त्रास असलेल्यांनाही भराभर श्वासाचे प्रकार मानवत नाहीत, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड कमीच होतो. छातीत दाबल्यासारखी कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारं दुखणं, घाम, असं पहिल्यांदाच झालं तर आधी ईसीजी, मग बाकी सगळं. माझाही आधी काढला होता म्हणूनच पुढचं निर्धास्त करता आलं.

आणि आमच्या भागासाठी वेगळं सांगायला हवं ते फवारणीचं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ते दिवस इथं कोणी विसरलेलं नाही. परवाच्या खरिपात माझा पुतण्या फवारून आला आणि ओट्यावर बसला, म्हणाला, ‘काकू, दम लागून राह्यला, तुमचं ते श्वासाचं सांगा.’ मी त्याच्याकडं पाहिलं. घामानं निथळत होता, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. मी त्याला एकही श्वास शिकवला नाही. अंगावरचे कपडे काढायला लावले, साबणानं अंग धुतलं, औषधाचा डबा बरोबर घेतला आणि गाडी काढायला लावली. डबा दाखवला की डॉक्टरांना विष ओळखता येतं. तो वाचला. भीतीनं लागलेला दम आणि विषानं लागलेला दम यात फरक करता आला पाहिजे, आणि करता येत नसेल तर विषच समजून दवाखाना गाठला पाहिजे.

आता मी शेजारच्या आजींबरोबर बसते. त्यांनी बिडी कधी ओढली नाही, पण सगळा जन्म चुलीपुढं गेला, आणि चुलीच्या धुरानंही फुप्फुसं बिडीइतकीच खराब होऊ शकतात. अशा आजारात हवा आत जाते पण नळ्या मिटतात आणि ती बाहेर निघत नाही. ‘माह्या छातीत हवा भरली की निंघतच नाही वं बाई,’ त्या म्हणायच्या, आणि डॉक्टरही तेच वेगळ्या शब्दांत सांगतात. त्यांना मोजणं जमेना, भ्रामरीत दम लागायचा. मग मी त्यांना म्हटलं, फुंकणीनं चूल फुंकतो तसे ओठ करा, पण विस्तव फक्त लाल राहावा, राख उडू नये इतकंच फुंका. ते त्यांना एका दमात कळलं. ओठ असे आवळले की आतल्या नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघायला वाट मिळते. आता पाण्याची गुंडी उचलायच्या आधी त्या नाकानं घेतात आणि उचलताना फुंकत सोडतात. अंगणाच्या मधोमध पूर्वी थांबायच्या, आता दारापर्यंत येतात.

त्यांचा इनहेलर, आमच्याकडं त्याला पंप म्हणतात, तो मी आधी बघते. औषध उरलंय का, सकाळचा घेतला का. ‘घेतला वं, घेतला, आता तू बस,’ त्या म्हणतात, आणि आम्ही दोघी फुंकायला लागतो.